डोस उतरला, आजार नाही : तासगाव तालुक्यातील एका मुलीचं प्रकरण

साडेदहा वर्षांची मुलगी, इयत्ता पाचवी. तासगाव तालुक्यात मळ्यातच वस्ती, घरची द्राक्षबाग. घरात आईवडील, आजी-आजोबा आणि सहा वर्षांचा धाकटा भाऊ. आजोबांना बऱ्याच वर्षांची शुगर, त्यांच्या गोळ्या चालू. बाकी कुणाला मोठा आजार नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

जानेवारीच्या अखेरीस तिला मिरजेला आमच्याकडे आणलं तेव्हा ती वडिलांच्या खांद्यावर होती. दोन दिवस उलट्या, पोटात दुखणं, आदल्या रात्रीपासून धाप. गावाजवळच्या एका दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन आणि दोन सलाइन झाली होती, त्यातली एक ग्लुकोजची. दुसऱ्या ठिकाणी न्यूमोनियाच्या शंकेने छातीचा एक्स-रे काढला होता. तो स्वच्छ होता.

न्यूमोनिया झालेलं मूल उथळ आणि भराभर श्वास घेतं. ही मुलगी खोल, लांब, ओढून श्वास घेत होती आणि तोंडाला गोडसर फळाचा वास होता. डोळे आत गेलेले, जीभ कोरडी, पण लघवी मात्र भरपूर. शरीरातलं पाणी आटलेल्या मुलाची लघवी कमी व्हायला हवी. इथे ती थांबत नव्हती, आणि निदान तिथेच होतं. बोटाच्या थेंबावर साखर ४८६. पुढे रक्ताचा पीएच ७.१२, बायकार्बोनेट ८, दोन्ही आकडे रक्तात आम्ल वाढल्याचं सांगणारे, लघवीत कीटोन भरपूर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ११.९ टक्के. वजन २६ किलो. जूनमध्ये शाळेच्या तपासणीत ते ३१ नोंदलं होतं.

टाइप १ मधुमेह, आणि त्यातून उद्भवलेला कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लाकडे झुकणं. ग्लुकोमीटरला हा आकडा दाखवायला पाच-दहा सेकंद लागतात. उलट्या आणि धाप घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाच्या बोटाचा थेंब आधी पाहावा आणि सलाइनची बाटली मग निवडावी, असं माझं ठाम मत आहे. गावोगावच्या बहुतेक दवाखान्यांच्या टेबलावर ग्लुकोमीटर असतो. तो मोठ्या माणसांसाठीच आहे असं धरून चालल्यामुळे लहान मुलं राहून जातात.

उपचारांबद्दल थोडक्यात. आधी साधं सलाइन. तासाभराने शिरेतून इन्सुलिन, अगदी सावकाश, दर किलोला तासाला ०.०५ ते ०.१ युनिट. सोबत पोटॅशियम, कारण इन्सुलिन सुरू झालं की रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत शिरतं आणि रक्तातली पातळी घसरते. साखर ३००च्या खाली आली की सलाइनमध्ये ग्लुकोज घालायचं आणि इन्सुलिन चालू ठेवायचं, कारण खरा शत्रू आम्ल आहे आणि ते साखरेपेक्षा उशिरा उतरतं. या काळात डोकेदुखी आणि गुंगीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. मुलांच्या मेंदूला सूज येण्याची भीती असते, आणि या आजारात मुलं दगावतात ती बहुधा त्यानेच. हिला तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने भाकरी मागितली.

आजीने सांगितलेलं

नीट माहिती मिळाली ती आजीकडून. "दिवाळीपास्नं पोरगी तांब्यावर तांब्या पाणी पितीया. रातीला दोनदा-तीनदा उठतीया. एकदा तर हातरुणातच झाली, एवढी मोठी पोरगी. आन् संडासात मुंग्या लागायल्या. आमच्या म्हाताऱ्याला शुगर निघाली तवा बी आसंच झालतं. मी बोलले घरात. तर सगळी म्हनली, लेकरास्नी कुठली शुगर?"

आजींनी निदान केलं होतं. दिवाळी ते जानेवारीची अखेर हा सगळा काळ छाटणीनंतरच्या बागेचा. फवारण्या, विरळणी, घडांची कामं, मग माल काढायची घाई. घरातलं मोठं माणूस दिवसभर बागेत. मूल पाणी जास्त पितं, बारीक दिसतं, याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती, आणि मोठ्यांची शुगर घरात माहीत असल्यामुळेच लहानांना ती होत नाही अशी खात्रीही पक्की होती.

इन्सुलिन नसलं की साखर रक्तात असूनही स्नायू आणि चरबीच्या पेशींना ती उचलता येत नाही. यकृत तर उलट आणखी साखर तयार करून रक्तात सोडत राहतं. मूत्रपिंडाची साखर परत शोषण्याची क्षमता संपली की ती लघवीत उतरते आणि पाण्याला सोबत घेऊन जाते, म्हणून तहान. शरीर उपाशी आहे असं समजून चरबी वितळू लागते, म्हणून पाच किलो वजन गेलं. वितळलेल्या चरबीपासून यकृत कीटोन बनवतं. ते आम्लधर्मी असतात आणि रक्त आम्लाकडे झुकतं. ते आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर टाकण्यासाठी शरीर खोल श्वास घेऊ लागतं. छातीत दोष काहीच नव्हता, फुप्फुसं रक्त सावरायचा प्रयत्न करत होती.

आत काय चाललं होतं

तिसऱ्या दिवशी वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, ही शुगर आली कुठनं? महिन्याभरात एवढं कसं काय?" महिन्याभरात झालेलं नव्हतंच. याचं उत्तर मी सविस्तर देते, कारण पुढे तीन महिन्यांनी जे घडलं ते याच उत्तराशी जोडलेलं आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं आणि त्याचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. त्यात विखुरलेले पेशींचे छोटे पुंजके १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवले. ते कशासाठी आहेत हे त्याला उमगलं नव्हतं. असे साधारण दहा लाख पुंजके असतात, पण सगळे मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के. पुंजक्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी बीटा पेशी. त्या रक्तातली साखर अजमावतात आणि त्या मापाने इन्सुलिन सोडतात. शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात, ते साखर वाढवतं.

बीटा पेशी जबर कामाची असते. कामाच्या भरात ती मिनिटाला सुमारे दहा लाख इन्सुलिनचे रेणू घडवते. आधी प्रोइन्सुलिन ही लांब साखळी तयार होते, मग तिच्यातला मधला तुकडा कापला जातो. त्या तुकड्याला सी-पेप्टाइड म्हणतात. जितके इन्सुलिनचे रेणू, तितकेच सी-पेप्टाइडचे. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे रक्तात ते सापडलं तर मुलाच्या स्वतःच्या पेशी अजून काम करताहेत, असं खात्रीने म्हणता येतं. हे लक्षात असू द्यावं. इतक्या कामाचा ताण बीटा पेशीला सोसावा लागतो, आणि ऑक्सिडेशनने होणारी इजा निस्तरायची तिची ताकद मात्र इतर पेशींच्या मानाने कमी असते.

टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते. आता तिच्यावर हल्ला करणाऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी. त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीतल्या थायमस ग्रंथीत त्यांची चाचणी होते. तिथे शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे नमुने त्यांना दाखवले जातात, त्यात थोडं इन्सुलिनही असतं. स्वतःच्या प्रथिनावर जोराने धावून जाणारी टी पेशी तिथेच मारली जाते. चाळणी शंभर टक्के नसते. निरोगी माणसातही इन्सुलिनला ओळखणाऱ्या काही टी पेशी सुटून बाहेर आलेल्या असतात आणि नियंत्रक टी पेशी त्यांना दाबून ठेवतात. टाइप १ मधुमेहात हा दाब सुटतो.

तो कुणात सुटतो यात वारशाचा मोठा हात आहे, आणि त्यातला जवळपास अर्धा वाटा एचएलए नावाच्या जनुकांचा. एचएलएचे रेणू प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर धरून टी पेशींना दाखवतात. डीआर३ आणि डीआर४ गटातल्या काही प्रकारांची ठेवणच अशी की इन्सुलिनचे आणि बीटा पेशीतले तुकडे त्यांच्यावर धोकादायक रीतीने बसतात. पण हे प्रकार असलेल्या बहुतेक माणसांना मधुमेह कधीच होत नाही. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला तरी दुसऱ्याला तो होईलच असं नसतं. बाहेरून काहीतरी ठिणगी लागते. सर्वांत जास्त संशय कॉक्सॅकी बी गटातल्या एन्टरोव्हायरसवर आहे, त्यातही शरीरात बराच काळ रेंगाळणाऱ्या संसर्गावर.

ठिणगी पडल्यावर स्वादुपिंडाजवळच्या लसिकाग्रंथींत बीटा पेशींचे तुकडे पोहोचतात आणि तिथे टी पेशी जाग्या होतात. त्यातल्या सीडी४ पेशी इतरांना चेतवतात. बी पेशी (बीटा नव्हे, या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) त्याच तुकड्यांविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवू लागतात. सीडी८ पेशी रक्तातून पुंजक्यांत शिरतात आणि प्रत्यक्ष मारण्याचं काम त्या करतात. बीटा पेशीला चिकटून तिच्या आवरणात परफोरिनने छिद्र पाडायचं आणि आत ग्रॅन्झाइम सोडायचं. ग्रॅन्झाइम गेलं की पेशीची स्वतःला संपवण्याची यंत्रणाच चालू होते. आसपास इंटरफेरॉन गॅमा, इंटरल्यूकिन १ बीटा अशी रसायनं साचतात. त्यांनी त्रासलेली बीटा पेशी आपल्या पृष्ठभागावर एचएलए आणखी वाढवते, म्हणजे सीडी८ पेशींना ती आणखी ठळक दिसू लागते. मेलेल्या पेशींतून नवी प्रथिनं बाहेर पडतात आणि हल्ल्याला नवी लक्ष्यं मिळतात.

१९६५ मध्ये बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी आजार सुरू झाल्यावर लवकरच दगावलेल्या तरुण रुग्णांची स्वादुपिंडं तपासली आणि पुंजक्यांभोवती गोळा झालेल्या लिम्फोसाइट पेशींचं, म्हणजे टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींचं, वर्णन केलं. हा हल्ला सगळीकडे सारखा नसतो. एक पुंजका बीटा पेशींविना रिता झालेला, दुसऱ्यावर चाल झालेली, आणि थोड्या अंतरावरचा तिसरा अजून धड, असं एकाच स्वादुपिंडात दिसतं. अल्फा पेशी बहुतांशी वाचतात. मग इन्सुलिनचा लगाम नसलेलं ग्लुकॅगॉन यकृताला साखर सोडायला लावत राहतं, त्याने गोष्ट आणखी बिघडते.

वडील ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे डावनीसारखं. पानावर डाग दिसतोय तवर रोग आत शिरलेला असतोय." द्राक्षवाल्याला काळाचं हे गणित समजायला वेळ लागला नाही. मी एवढंच म्हटलं की डावनी बाहेरून येते आणि तिच्यावर औषध मारता येतं, इथे मारणाऱ्या पेशी तिच्याच शरीराच्या आहेत.

काळाचं गणित असं. रक्तात दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडं आली की साखर अगदी नॉर्मल असली तरी तो आजाराचा पहिला टप्पा धरतात. साखर बिघडू लागते पण लक्षणं नसतात, तो दुसरा. तहान-लघवी सुरू झाली की तिसरा. दोन प्रतिपिंडं असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलं दहा वर्षांत तिसऱ्या टप्प्यावर पोहोचतात. आमच्या मुलीची लक्षणं दिवाळीला दिसली. आतलं काम त्याच्या कितीतरी आधी, बहुधा ती बालवाडीत किंवा त्याहूनही लहान असताना सुरू झालं असावं. जुन्या पुस्तकांत निदानावेळी ८० ते ९० टक्के बीटा पेशी गेलेल्या असतात असं छापलेलं असे. पुढे दिसलं की हे प्रमाण वयावर अवलंबून आहे. सात वर्षांखालच्या मुलांत हल्ला जोरकस असतो आणि फार थोड्या पेशी उरतात, मोठ्या मुलांत आणि तरुणांत बऱ्याच उरलेल्या असू शकतात.

प्रतिपिंडांचा रिपोर्ट

इन्सुलिन सुरू करण्याआधीच रक्त काढून ठेवलं होतं. बाहेरून दिलेल्या इन्सुलिनविरुद्धही शरीर प्रतिपिंडं बनवतं, त्यामुळे उशीर झाला की इन्सुलिनच्या प्रतिपिंडांचा निकाल निरुपयोगी ठरतो. रिपोर्टमध्ये जीएडी आणि आयए-२, म्हणजे बीटा पेशीतल्या दोन प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं, दोन्ही पॉझिटिव्ह. सोबत थायरॉइड आणि गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराची तपासणी केली, कारण स्वयंप्रतिकाराचे आजार सोबतीने येतात. दोन्ही ठीक.

आईचा पहिला प्रश्न होता, "ही प्रतिपिंडं काढून टाकता येत नाहीत का?" प्रश्न चांगला आहे. पण प्रतिपिंडं मारेकरी नाहीत. टाइप १ मधुमेह असलेल्या बाईची प्रतिपिंडं गर्भात बाळापर्यंत पोहोचतात, काही महिने बाळाच्या रक्तात राहतात आणि निघून जातात. बाळाला त्यांच्यामुळे मधुमेह होत नाही. ती हल्ल्याची खूण आहेत, हल्ला टी पेशींचा आहे. रक्त गाळून भागत नाही ते यामुळे.

मग टी पेशींनाच आवरता येत नाही का? त्या दिशेने एक औषध निघालं आहे. टेप्लिझुमॅब, टी पेशींवरच्या सीडी३ या रेणूला धरणारं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती दुसऱ्या टप्प्यातल्या, आठ वर्षांवरच्या रुग्णांसाठी. त्याने तिसरा टप्पा साधारण दोन वर्षं लांबला. एका मुलासाठी दोन वर्षं बिनसुईची मिळणं मला फार मोलाचं वाटतं. या मुलीच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती.

आजी मात्र वेगळ्याच विचारात होत्या. "मीच चारलं तिला. येता-जाता मूठमूठ बेदाणा. चहात साखर जादा." त्या रडल्या. मी त्यांच्याशेजारी बसून स्पष्ट सांगितलं, बेदाण्याने टी पेशी बिथरत नाहीत, चहातल्या साखरेनेही नाही. हा आजार बेदाण्याचं तोंडही न पाहिलेल्या मुलांना होतो. आईनेही ऑगस्टमधल्या तापाचं आणि एका दिवसाच्या उपासाचं खापर स्वतःवर फोडून घेतलं होतं. घरातल्या बाईने स्वतःला दोषी धरलेलं मी टाइप १ मध्ये जवळपास प्रत्येक वेळी पाहते, आणि ते मनातून काढल्याशिवाय सुईचं शिक्षण सुरू करू नये, असं मला वाटतं. दोषी वाटणारं माणूस पुढे उतारा शोधत फिरतं.

आजोबांच्या गोळ्यांचाही प्रश्न निघाला. मोठ्यांच्या टाइप २ मध्ये बीटा पेशी जिवंत असतात, पण शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि पेशी थकतात. आजोबांची गोळी त्या पेशींना इन्सुलिन सोडायला भाग पाडते. नातीकडे गोळीने हलवायला पेशीच पुरेशा नव्हत्या.

घरी

दिवसाला २४ युनिट, म्हणजे किलोमागे जवळपास ०.९ युनिट घेऊन ती घरी गेली. तिन्ही जेवणांआधी साधं इन्सुलिन, रात्री लांब पल्ल्याचं. जेवणाआधीचं इन्सुलिन ४० युनिटच्या बाटलीतलं, लाल टोपीच्या सिरिंजने. रात्रीचं १०० युनिटच्या ताकदीचं, पेनमधून. पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन कधीही लाल टोपीच्या सिरिंजने ओढायचं नाही, अडीचपट डोस जातो. हे मी सगळ्यांना सांगितलं आणि आजींकडून परत म्हणवून घेतलं. आजींना अक्षरओळख बेताची आहे. त्यांनी सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली, नखाने एकेक रेघ मोजली, बुडबुडा टिचकी मारून वर घालवला आणि म्हणाल्या, "ही सहावी. बरोबर?" बरोबर होतं. नर्स शिकवत असताना घरातल्या सगळ्यांत त्यांचा हात सर्वांत स्थिर होता.

मळ्यात लाइटचा भरवसा नाही. न उघडलेल्या बाटल्या शेजारच्या वाडीतल्या नातेवाइकाच्या फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात, बर्फाच्या खणात अजिबात नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं. चालू बाटली मातीच्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूत, सावलीला. बाटलीला पाणी लागू नये म्हणून झाकणाच्या डब्यात. साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, किंवा ग्लुकोज पावडर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शाळेत वर्गशिक्षिकेच्या कपाटात ग्लुकोजचा डबा ठेवला आणि लागल्यास वापरा अशी चिठ्ठी लिहून दिली.

मार्च-एप्रिल

पाच-सहा आठवड्यांत आकडे खाली येऊ लागले. आधी २४, मग १८, मग १२. मार्चअखेर ३१ किलोच्या मुलीला दिवसाला ९ युनिट पुरत होते, म्हणजे किलोमागे ०.३ सुद्धा नाही. साखर ७० ते १३०. गेलेलं वजन भरून आलं. घरात आनंद झाला, आणि झालाच पाहिजे होता. त्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी मुळापासून शुगर बरी करणाऱ्या एका माणसाचं नाव सांगितलं. पुड्या आणल्या गेल्या. त्याने इन्सुलिन बंद करायला सांगितलं आणि घरच्यांनी ते केलं.

पहिला दिवस १६०. दुसरा १७५. तिसरा, चौथा १८०-१९०च्या आसपास. इन्सुलिनचा एक थेंब न देता! पुडी काम करते हे घरच्यांना दिसत होतं. पाचव्या दिवशी मुलीला सर्दी-ताप आला. साखर ३३८. वडील गडबडले, पुडीवाल्याला फोन लावत बसले. आजींनी लघवीच्या कीटोनची पट्टी काढली, आम्ही दिली होती ती. रंग जांभळ्याकडे गेला. त्यांनी कुणाला न विचारता इन्सुलिन टोचलं आणि तिच्या वडिलांना म्हणाल्या, "गाडी काढ."

आमच्याकडे पोचली तेव्हा बायकार्बोनेट १९ होतं. आम्ल अजून चढलं नव्हतं. इन्सुलिन, भरपूर पाणी, एक रात्र देखरेख. सकाळी घरी. आणखी एक रात्र वाट पाहिली असती तर जानेवारीतलं सगळं पुन्हा झालं असतं.

ते चार दिवस कसे निभावले याचं उत्तर पुडीत नाही, मागे सांगितलेल्या पुंजक्यांत आहे. निदानावेळी सगळ्या बीटा पेशी मेलेल्या नसतात. बऱ्याचशा महिनोन्‌महिने चढलेल्या साखरेच्या माऱ्याने बधिर झालेल्या असतात, जिवंत पण काम न करणाऱ्या. बाहेरून इन्सुलिन मिळालं, साखर उतरली, त्यांना उसंत मिळाली की त्या पुन्हा इन्सुलिन सोडू लागतात. शिवाय आम्ल आणि आजारपण सरलं की शरीर इन्सुलिनला बरी दाद देऊ लागतं. दोन्हींमुळे गरज घटते. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. एचबीए१सी ७च्या खाली आणि गरज किलोमागे ०.५ युनिटपेक्षा कमी, अशी साधारण खूण. काही आठवडे ते काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक.

या काळात टी पेशी थांबलेल्या नसतात. त्या उरलेल्या पेशींच्या मागे असतातच. इन्सुलिन बंद केलं की उरलेल्या मोजक्या पेशींवर पूर्ण घराचा बोजा पडतो, साखर चढते, त्या पुन्हा बधिर होतात. चार दिवस त्यांनी ओढलं. ताप आला, गरज वाढली, आणि त्या पुऱ्या पडल्या नाहीत. पुडी न देता इन्सुलिन बंद केलं असतं तरी हेच आकडे दिसले असते.

मी वडिलांना रागावले नाही. त्यांना आकड्यांत पटवायचं होतं. साखर १६० असताना सी-पेप्टाइड तपासलं. ते ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. धडधाकट मुलीत साखर १६० असताना ते याच्या कितीतरी पट वर गेलं असतं. म्हटलं, हे बघा, तिच्या पेशी काम करताहेत. शून्य नाही. बाहेरून दिलेलं थोडं इन्सुलिन या पेशींचं ओझं हलकं करतं, म्हणून ते बंद करायचं नाही. जितके दिवस हा आकडा टिकेल तितके दिवस साखर खालीवर कमी होईल, अचानक उतरायची भीती कमी राहील. पन्नास वर्षांहून जास्त काळ टाइप १ सोबत जगलेल्या काही माणसांतही थोड्या बीटा पेशी तग धरून असल्याचं आढळलं आहे.

वडिलांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे नऊ युनिटला बरी झाली असं नाही. नऊ युनिटला भागतंय." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. पुड्या बंद झाल्या.

आजींनी एकदा विचारलं, इन्सुलिन नव्हतं तेव्हा अशा पोरांचं काय व्हायचं? सांगितलं. उपाशी ठेवून काही महिने जगवायचे, बस. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत लेनर्ड थॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. पहिला अर्क अशुद्ध निघाला, बारा दिवसांनी सुधारलेला दिला आणि साखर उतरली. आजी म्हणाल्या, "त्या पोराच्या आईला काय वाटलं आसंल." आणि त्यानंतर सुईला त्यांनी कधी 'ती कटकट' म्हटलं नाही.

पावसाळा संपता संपता गरज पुन्हा चढली. वर्षभराने ती ३४ किलोची, दिवसाला २८ युनिट, सी-पेप्टाइड ०.२. वयात येताना आणखी वाढेल, किलोमागे एक युनिटच्या वरही जाईल. हे आधीच सांगून ठेवल्यामुळे डोस चढताना घरात कुणी हबकलं नाही. एचबीए१सी ७.४.

धाकटा

टाइप १ असलेल्या मुलाच्या सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात पाच-सहा. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भावंडं सुटतात. पण घरात कुणालाच टाइप १ नसलेल्या मुलाच्या मानाने ती शक्यता कितीतरी पटींनी जास्त. भावाची प्रतिपिंडं तपासायची का, यावर घरात बरीच चर्चा झाली. आई नको म्हणत होती. कळून करायचं काय, नुसती धास्ती. तिचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. वडील हवं म्हणत होते.

मी माझं मत सांगितलं. ज्या मुलांचे आईबाप आधीच सावध असतात ती कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये क्वचितच येतात, आणि दुसऱ्या टप्प्यावर कळलं तर लांबवणाऱ्या औषधाचा विचार तरी करता येतो. पण तपासणी करायची तर निकाल कोणताही आला तरी पेलायची तयारी हवी, आणि ती आईची हवी, कारण रात्री मुलाच्या श्वासाकडे बघत बसणारी ती असते. तिने दोन आठवडे घेतले आणि हो म्हणाली.

चार प्रकारची प्रतिपिंडं तपासली. जीएडी पॉझिटिव्ह, बाकी तिन्ही निगेटिव्ह. नव्या नमुन्यावर पुन्हा तेच. एकच प्रतिपिंड असलेल्या मुलांपैकी दहा वर्षांत मधुमेहापर्यंत जाणारी सुमारे १५ टक्के, दोन असलेल्यांतली ७० टक्के. त्यामुळे त्याला आजारी म्हणायचं नाही, पहिल्या टप्प्यातही धरायचं नाही. काही मुलांत एकटं प्रतिपिंड पुढे दिसेनासंही होतं. वर्षातून एकदा प्रतिपिंडं, साखर आणि एचबीए१सी. त्याच्या जेवणात काहीही बदल नाही, बेदाणासुद्धा बंद नाही. तहान वाढली, रात्री उठू लागला, वजन घटलं तर त्याच दिवशी बोटाचा थेंब, मीटर घरात आहेच. कीटोनच्या पट्ट्यांची डबी आजींकडे असते आणि तिच्यावरची मुदत त्या नातीकडून वाचून घेतात.